बाहेरचा दिवा

दाराबाहेरचा एक बल्ब बदलायचा म्हणजे माणसाला किती मनस्ताप व्हावा? मला झाला तेवढा कोणालाच होऊ नये. नोव्हेंबरपासून जानेवारीपर्यंत मी लीड्समधली बल्ब विकणारी सगळी दुकानं पालथी घातली. लुमेन, वॉट, केल्विन हे शब्द मला झोपेतून उठवून विचारले असते तरी सांगता आले असते. मी हॉस्पिटलात फार्मसिस्ट आहे, वायरमन नाही, हे मात्र घरात कोणाच्या लक्षातच येईना.

घरात म्हणजे तरी कोण होतं? मी आणि माझ्या सासूबाई. माझा नवरा राजीव ऑगस्टमध्येच केंब्रिजला गेला होता. नोकरीसाठी गेला हे खरं, आणि परत यायचं नाही असं ठरवून गेला हेही खरं. भांडणतंटा काही झाला नाही. जेवणानंतर डिशवॉशरमध्ये ताटं लावता लावता त्यानं सांगितलं की त्याला आता असं जगायचं नाहीये, तिकडे फ्लॅट बघून ठेवलाय, आणि पुढचं सगळं आपण शांतपणे, सुशिक्षित माणसांसारखं करू. हातातलं ताट त्यानं नीट खाचेत बसवलं, ते मला अजून आठवतं. महिन्याभरात आमची लेक सिया युनिव्हर्सिटीसाठी न्यूकासलला गेली. तिला आम्ही दोघांनी मिळून सांगितलं. आईंना सांगायचं राहिलं, कारण त्यांचं तिकीट आधीच काढलेलं होतं, त्यांना बीपी आहे, आणि राजीवला योग्य वेळ हवी होती.

"आय विल टेल हर, मीनल. माझी आई आहे, मीच सांगणार. फक्त राइट मोमेंट येऊ दे," असं तो म्हणाला. तोपर्यंत मी तोंड बंद ठेवायचं. नव्या प्रोजेक्टमुळे तो केंब्रिजला असतो, जमेल तसा वीकेंडला येतो, असं सांगत राहायचं. मी हो म्हणाले. आईंच्या जिवाला काही झालं तर ते माझ्या माथी नको, एवढाच विचार त्या वेळी डोक्यात होता. सियानं मात्र सरळ हात वर केले. "मी आजीला लाय नाही सांगणार, ममा. तो तुमचा प्रॉब्लेम आहे," म्हणाली, आणि आजी आल्यावर फोन करायचाच तिनं टाळला. पोरगी माझ्यापेक्षा शहाणी निघाली.

आई दिवाळीनंतर आल्या. बॅगेत मेतकूट, भाजणी, माझ्यासाठी दोन साड्या, आणि त्या साड्यांच्या घड्यांमध्ये गुंडाळलेले सीएफएल बल्ब. ते पांढरे, पिळाचे असतात ना, ते. पुण्याच्या सोसायटीत सगळ्यांनी एलईडी लावून घेतले होते आणि काढलेले चालू बल्ब टाकून द्यायचं आईंच्या जिवावर आलं. इथेही आट्यांचे नव्हेत तर दोन पिनांचेच होल्डर असतात, हे राजीवनं त्यांना पूर्वी कधीतरी सांगितलं होतं. इंग्रज जाताना होल्डर तेवढे आपल्याकडे ठेवून गेले, त्यांचे बल्ब त्यांना परत, असं म्हणून त्या स्वतःशीच हसल्या. विमानाच्या एवढ्या प्रवासात एकही बल्ब फुटला नाही. फुटायला हवे होते.

आता आईंचा नेम सांगते, म्हणजे पुढचं कळेल. दिवेलागणीला पुढचं दार उघडं ठेवायचं आणि बाहेरचा दिवा लावायचा. घरात लक्ष्मी येते. पुण्यात हे ठीक आहे. लीड्समध्ये हिवाळ्यात दिवेलागण चारच्या सुमाराला होते, आणि तेव्हा दार उघडं टाकलं तर लक्ष्मीच्या आधी वारा येतो, पाऊस येतो आणि शेजाऱ्यांचं मांजर येतं. आत हीटिंग चालू आणि पुढचं दार सताड उघडं. मी समजावून बघितलं. पाचच मिनिटं गं, असं आई म्हणाल्या. आईंची पाच मिनिटं म्हणजे येतात तेवढी सगळी स्तोत्रं आणि वर पुण्याला एक फोन.

दुसरा नेम याहून अवघड होता. घरातलं माणूस बाहेर असेल तोवर बाहेरचा दिवा मालवायचा नाही. सासऱ्यांची नोकरी फिरतीची होती. आज येतील की उद्या, काही ठरलेलं नसायचं. म्हणून दिवा रात्रभर लागलेला. ते गेले, सवय राहिली. आणि आता आईंच्या हिशेबानं घरातलं माणूस केंब्रिजला होतं. राजीव अचानक आला तर त्याला घर अंधारात दिसू नये, असं त्या रोज म्हणायच्या, आणि मी रोज मान डोलवायचे. मान डोलवून डोलवून मला संताप यायचा.

तर पोर्चमध्ये पहिल्यांदा आईंनी आणलेला सीएफएल लागला. लागला असं म्हणायचं एवढंच. बटण दाबल्यावर आधी काही होतच नसे. मग नळीच्या बुडाशी जरासा करडा उजेड दिसे, मग तो नुसता थरथरत राही. तो पूर्ण उजळायला इतका वेळ लागे की तोवर आईंची निम्मी स्तोत्रं झालेली असत. हे बल्ब थंडीत असेच वागतात, गारठ्यात त्यांना तापायला वेळ लागतो, बाहेर किंवा गॅरेजमध्ये लावूच नयेत, असं मी नंतर सगळीकडे वाचलं. आईंना त्या बल्बची दया आली. त्याला इथली हवा मानवली नाही, असं त्यांचं मत पडलं.

मी सेन्सरचा दिवा आणला. कोणी आलं की लागतो, गेलं की आपोआप बंद. विजेची बचत, मला शांतता. आईंना तो मुळीच आवडला नाही. माणूस दारात आल्यावर दिवा लागणार असेल तर त्याला लांबून दिसणार काय, असा त्यांचा प्रश्न होता. शिवाय तो मिनिटभरात बंद व्हायचा, आणि आईंचे हात जोडलेले असतानाच दिवा जायचा. मग त्या उंबऱ्यात उभ्या राहून दोन्ही हात वर करून हलवायच्या, की दिवा पुन्हा लागावा. समोरून जाणारी पोस्टवाली बाई हा आपल्यालाच नमस्कार आहे असं समजून रोज तितक्याच उत्साहानं हात हलवायला लागली. रात्री दिवा लागायचा तो फक्त इथल्या गल्लीत फिरणाऱ्या कोल्ह्यासाठी.

तेव्हा मी चिडले आणि दुकानात होता त्यातला सगळ्यात दांडगा एलईडी उचलून आणला. एलईडीला थंडीचं काही वाटत नाही, उलट गारठ्यात तो खूश असतो. बटण दाबताच पोर्च असा पांढराफटक झाला की माझ्या कुंडीतल्या मेलेल्या झाडांची पानं मोजता आली असती. आई खूश झाल्या. दोनच दिवसांनी समोरचे मिस्टर एकरॉइड दारात उभे राहिले. ऐंशीच्या पुढचे, एकटे राहणारे, अतिशय सभ्य. आधी त्यांनी हवेबद्दल बोलून घेतलं, मग माझ्या तब्येतीबद्दल, आणि मग अगदी ओशाळून सांगितलं की हल्ली त्यांच्या बेडरूममध्ये रात्री दिवा न लावता पेपर वाचता येतो. मला शरमेनं मेल्यासारखं झालं. तो बल्ब काढून मी स्वयंपाकघराच्या खणात टाकला आणि पुन्हा दुकानात गेले.

चौथा बल्ब बरोबर निघाला. लहानसा एलईडी, पिवळसर उजेडाचा, पावसापाण्यात चालेल असा. बटण दाबताक्षणी लागायचा, रात्रभर लागला तरी वीज अगदी थोडी खायचा. आईंनी त्याच्याकडे बघितलं आणि आता कसं घर वाटतंय, असं म्हणाल्या. विषय संपायला हवा होता. पण तो रात्रभर जळायचा, आणि माझ्या बेडरूमच्या पडद्याखालून त्याची एक पट्टी छतावर पडायची. मला सोडून गेलेल्या माणसाची वाट बघणारा दिवा, तो मीच आणलेला, मीच बसवलेला. सांगा, कोणाचं डोकं फिरणार नाही?

आणि गॅरेजचं सगळं याच्या उलट. पोर्चसाठी मी चांगल्या उजेडाच्या मागे गावभर फिरत होते, आणि गॅरेजमध्ये मला उजेड नकोच होता. आमच्या गॅरेजमध्ये गाडी नसते. तिथे मोठा फ्रीझर आहे, आणि फ्रीझरच्या मागे राजीवचं सामान होतं. केंब्रिजचा फ्लॅट लहान आहे, मग नेतो, म्हणून सप्टेंबरात त्यानंच येऊन ते रचून ठेवलं होतं. पुस्तकांची खोकी, क्रिकेटची बॅग, फ्रेम केलेली डिग्री, आणि एका दांडीवर ओळीनं टांगलेले सूट. प्रोजेक्टसाठी आठवडाभर गेलेला माणूस आपली डिग्री गॅरेजमध्ये ठेवून जात नाही, हे आईंना कळायला वेळ लागला नसता. म्हणून मी आईंचाच दुसरा सीएफएल तिथे लावला. आपला बल्ब उपयोगी पडला म्हणून त्यांनी माझं कौतुक केलं. तो पूर्ण उजळेपर्यंत माणूस मटारची पिशवी घेऊन घरात परत आलेलं असायचं. मला तेवढंच हवं होतं.

पण आईंना फ्रीझरचं वेड लागलं होतं. रोज काहीतरी खोवून, निवडून, पुड्या करून त्या तिथे नेऊन ठेवायच्या. एकदा त्यांच्या पायाला फ्रीझरची कड लागली आणि नख काळं पडलं. गॅरेजला चांगला बल्ब आण, असं त्यांनी सांगितलं. आणते म्हटलं, आणि आणला नाही. पुन्हा सांगितलं, पुन्हा विसरले. माझ्यासारखी टापटीप बाई बल्ब विसरते याचं त्यांना नवल वाटलं असणार, कारण त्यांनी ते राजीवच्या कानावर घातलं.

त्याबरोबर राजीवचा मला फोन. ऑगस्टपासून जो माणूस कुठल्याही गंभीर विषयावर दोन वाक्यं बोलला नव्हता, तो गॅरेजच्या बल्बवर अर्धा तास बोलला. कोल्ड स्पेसला सीएफएल कसा चुकीचा, आउटडोअरला आयपी रेटिंग का बघायचं, बंद शेडमध्ये बल्ब का तापतो, सगळं. मी मध्येच विचारलं की आईंना कधी सांगतोयस. तो म्हणाला, नेक्स्ट वीक, आणि लगेच तीन लिंक्स पाठवल्या. गॅरेजमध्ये तुझे सूट आहेत, तिथे उजेड पडला तर तुझंच बिंग फुटेल, असं मी स्पष्ट सांगितलं. त्यावर त्यानं मोठा सुस्कारा सोडला, जणू सूट मी तिथे टांगले होते.

शेवटी आईंनी माझी वाट बघणं सोडून दिलं. खणात तो दांडगा पांढरा बल्ब त्यांना सापडला. एवढी चांगली वस्तू पडून आहे हे त्यांना बघवेना. रस्त्यापलीकडे जाऊन त्या मिस्टर एकरॉइडना घेऊन आल्या. त्यांचं इंग्रजी आणि यांचं मराठी, पण बल्ब हातात असल्यावर बोलायची काय गरज? आपल्या खिडकीवर उजेड पाडणारा बल्ब आता चार भिंतींच्या आत बंद होणार म्हणून त्यांनीही आनंदानं तो बसवून दिला, आणि वर भाजणीची थालिपीठं खाऊन गेले.

मी कामावरून आले तेव्हा गॅरेजच्या फटींमधून पांढरा उजेड बाहेर येत होता.  धावत आत गेले तर दांडी रिकामी. घरात आले, वर गेले. आईंनी राजीवचे सगळे सूट झटकून, इस्त्री करून आमच्या कपाटात लावले होते. सप्टेंबरात मी माझे कपडे सैल पसरून ठेवले होते, ते त्यांनी एका बाजूला दाटीवाटीनं सरकवले होते. त्यांना संशय आलाच नव्हता. त्यांनी मलाच रागावून घेतलं. लोकरीचे कपडे असे ओलीत ठेवतात का, त्याला काय वाटेल, त्याच्या डिग्रीवर बुरशी आली असती तर? जागा नव्हती, असं मी पुटपुटले. त्यानंतर रोज सकाळी कामाचे कपडे काढायला कपाट उघडलं की ते सूट समोर. त्यांना त्याच्या साबणाचा वासही नव्हता, आमच्या इस्त्रीचा होता.

त्या संध्याकाळी मी राजीवला फोन करून तोंडाला येईल ते बोलले. ओ नो, आय ॲम सो सॉरी, ख्रिसमसला येतो आणि समोर बसून सांगतो, असं तो म्हणाला. ख्रिसमसला तो आला नाही. ऑन कॉल होता म्हणे. त्याच्याऐवजी पार्सल आलं.

पार्सलमध्ये स्मार्ट बल्ब होता. दिवा रात्रभर जळतो म्हणून मीनल कुरकुरते, हे आईंनी त्याला सांगितलं होतं, आणि त्याच्या दृष्टीनं त्यानं आमच्या संसारातली एक अडचण सोडवली होती. बल्ब त्याच्या फोनला जोडलेला. दिवेलागणीला तो केंब्रिजमधून दिवा लावणार, आणि रात्री झोपायच्या वेळी आईंना 'पोचलो असं समज, आता मालवतो' असा मेसेज करून बंद करणार. मी नको म्हणायच्या आत आईंनी तो मला बसवायला लावला. पहिल्या संध्याकाळी बटणाला कोणी हात न लावता दिवा लागला तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्या मुलानं तिथून दिवा लावला, असं त्यांनी पुण्यात फोन करून करून सांगितलं. मी कांदा चिरत होते. निदान तेवढी सोय होती.

एकच अट होती. भिंतीवरचं बटण कधीही बंद करायचं नाही, नाहीतर त्याच्या फोनला बल्ब सापडत नाही. एका रविवारी मी मुद्दाम ते बंद केलं. दहा मिनिटांत राजीवचा फोन आला, बल्ब ऑफलाइन दाखवतोय म्हणून. सियाला ताप होता तेव्हा या माणसानं दुसऱ्या दिवशी फोन केला होता. मला त्या क्षणी तो बल्ब उपटून रस्त्यावर आपटावासा वाटला. पण आई शेजारी उभ्या होत्या, आणि मी बटण परत चालू केलं. त्या दिवसापासून आईंनी त्या बटणाजवळ जायचंही सोडलं. चुकून हात लागायचा आणि त्याची दिव्याशी असलेली जोड तुटायची, अशी त्यांना भीती.

जानेवारीतल्या एका संध्याकाळी मी कामावरून परत आले. दिवसभर बर्फ वितळलं नव्हतं, फुटपाथ काचेसारखे झाले होते. आमची सगळी गल्ली उजळलेली आणि आमचं घर तेवढं काळं. जवळ गेले तेव्हा दिसलं की पुढचं दार सताड उघडं आहे आणि पोर्चमध्ये स्वयंपाकघरातली खुर्ची टाकून आई बसल्या आहेत. अंगात माझं जाड जॅकेट, डोक्याला कानटोपी, मांडीवर फोन. बाहेर गारठा, मागे घरातही तेवढाच गारठा. दिवेलागण होऊन दीड-दोन तास झाले होते.

"आज अजून लागला नाही बघ," असं त्या म्हणाल्या. त्यांचे ओठ नीट हलत नव्हते.

मी त्यांचे हात हातात घेतले. बोटं लाकडासारखी झाली होती. बटण दाबायचं, दुसरा बल्ब लावायचा, काहीच नाही तर आत येऊन बसायचं, असं मी जवळजवळ ओरडलेच. तर त्या शांतपणे मला समजावायला लागल्या. बटणाला हात लावू नको असं त्यानं सांगितलंय. दिवा लागायच्या आधी दार कसं लावायचं? मीटिंगमध्ये अडकला असेल. केवढं काम असतं त्याला, एकटा राहतो, खातो की नाही कोणास ठाऊक. आपण नाही समजून घेणार तर कोण घेणार?

एक हात सोडवून मी राजीवला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. आई म्हणाल्या, नको गं त्रास देऊस त्याला कामात. तेव्हा माझा बांध फुटला. त्यांना काही झालं तर, हा विचार करून मी एवढे महिने गप्प होते, आणि त्या गप्प राहण्यामुळेच त्या बर्फात बसून गारठत होत्या.

"आई, तो मीटिंगमध्ये नाहीये," मी म्हणाले. "असला तरी मला माहीत नाही. तो इथे राहत नाही. ऑगस्टमध्ये तो मला सोडून गेला. प्रोजेक्ट वगैरे काही नाही, तो परत येणार नाहीये. तुम्हाला स्वतः सांगतो म्हणाला होता, आणि त्यानं नाही सांगितलं. मीही नाही सांगितलं."

त्यांनी माझ्याकडे बघितलं.  मला वाटलं, बीपीची गोळी आणावी का, ॲम्ब्युलन्स बोलवावी का. पण त्यांनी माझा दुसरा हात सोडला नव्हता.

"आणि ते सूट?" त्यांनी विचारलं.

"न्यायचे आहेत त्याला."

"मी इस्त्री केली त्यांना."

"हो."

"रोज त्या दिव्याला हात जोडत होते मी. तू आतून बघत होतीस."

 मी पुन्हा हो म्हणाले.

"मला तुझा राग आलाय, मीनल."

"येऊ दे. पण सगळा माझ्यावर नका काढू, थोडा त्याचाही येऊ दे."

"त्याचा किती येतोय ते तू नको सांगूस मला," आई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज पहिल्यांदाच चढला. त्यांनी माझा हात सोडून जॅकेटच्या बाहीनं डोळे पुसले. मलाही रडू येत होतं, पण मला वाटलं होतं तसं ते दुःखाचं नव्हतं. ओझं खाली ठेवल्यावर येतं, तसलं काहीतरी होतं.

तेवढ्यात दिवा लागला.

आपोआप, आमच्या दोघींच्या डोक्यावर, छान पिवळसर उजेडाचा. त्याच क्षणी आईंच्या मांडीवरचा फोन वाजला आणि मेसेज आला. त्यांनी चष्मा वर करून तो मोठ्यानं वाचला. 'सॉरी आई, आज लेट झाला. लावला बघ दिवा.' वाचून झाल्यावर त्यांनी मान वर करून बल्बकडे बघितलं. हात जोडले नाहीत.

"काढ तो," त्या म्हणाल्या.

मी आतून स्टूल आणलं. बटण बंद केल्याशिवाय होल्डरला हात लावायचा नाही, असं आईंनी मला बजावलं, आणि स्वतःच उठून, भिंतीला हात टेकत जाऊन ते बटण दाबलं. पोर्च काळोखात गेला. मी चढले. स्टूल बर्फाळ फरशीवर हलत होतं. माझ्यावर रागावलेल्या त्या बाईनं ते दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवलं. बल्ब काढून खाली उतरले तोवर फोन वाजायला लागला होता. राजीव. त्याला बल्ब ऑफलाइन दिसला असणार. आईंनी स्क्रीनवरच्या त्याच्या फोटोकडे बघितलं, फोन उचलला नाही, आणि तसाच वाजता ठेवून चपलांच्या कपाटावर पालथा घातला. उद्या बोलेन त्याच्याशी, असं त्या म्हणाल्या. आज बोलले तर नको ते बोलेन.

मग त्या दारात तशाच उभ्या राहिल्या. आत यायला पाऊल उचललं आणि उंबऱ्यापाशी थांबल्या. एवढ्या वर्षांत मी त्यांना या घरात कधी असं अवघडून उभं राहिलेलं बघितलं नव्हतं.

"मग मी इथे कोणाकडे राहतेय?" त्यांनी विचारलं.

हा प्रश्न माझ्या मनात कधी आलाच नव्हता. त्यांना आत्ताच, त्या गारठ्यात, तो पडला होता, आणि त्या खरोखर उत्तराची वाट बघत होत्या. परत जायचं तिकीट मार्चचं होतं.

"माझ्याकडे," मी म्हणाले.

 त्या खुर्ची उचलायला वाकल्या, ती माझ्या हातात दिली, आणि उंबरा ओलांडून आत आल्या.

"मग दार लाव," आई म्हणाल्या. "घरातली माणसं आत आलीत."